कुत्र्यांचं पंचांग

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या घरांच्या मध्ये साडेतीन फुटांची एक भिंत आहे. वाळवण घालायची वेळ आली की ती दोघींची असते, आणि रंग द्यायची वेळ आली की कुणाचीच नसते. शहाड स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर अशा बैठ्या घरांच्या रांगा आता मोजक्याच उरल्यात. पलीकडे टॉवर झालेत. तिथल्या बायका म्हणे लिफ्टमध्ये भेटतात. चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत काय डोंबल गप्पा होणार! आम्हाला भिंत आहे.

२०२५ च्या मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी पाणी भरून बाहेर आले तर वहिनी भिंतीशी उभ्याच. हाताला कणीक, आणि आवाज मुद्दाम खाली आणलेला.

"पाच आहेत."

"सहा," मी म्हटलं. "एक भुरं आहे, ते कायम तळाशी दबलेलं असतं."

"तुम्हाला बरं माहीत!"

इथे मी गडबडले. त्या कुत्रीकडे मी ढुंकूनही बघत नाही, असं महिनाभर सगळ्यांना सांगत होते. भिंतीच्या टोकाला जुने पत्रे टेकवून ठेवलेत, त्यांच्या आडोशाला काळी व्याली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीखाली बसणारी तीच ही काळी.

"तुळशीचं लग्न लागलं आणि हिचा पाळणा हलला," वहिनी बोटं मोजत म्हणाल्या. "कुत्रीचे दिवस धरा दोन महिने. म्हणजे हिचं लग्न गणपतीत लागलं!"

"वहिनी!"

"अहो, त्यात लाजायचं काय? भाद्रपद म्हणजे कुत्र्यांची लग्नसराई. आपल्याकडे आरती चालली होती आणि यांची मिरवणूक मागच्या गल्लीत."

एवढ्यात अण्णा पेपर घेऊन बाहेर आले. अण्णा म्हणजे वहिनींचे यजमान. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून पेपर मोठ्याने वाचतात, म्हणजे गल्लीने वेगळा पेपर घ्यायची गरज नाही.

"उचलून न्यायला हवीत ही सगळी," अण्णा म्हणाले. "सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय."

"काय सांगितलंय नक्की?" मी विचारलं. अण्णांना हाच प्रश्न हवा असतो. चष्मा वर गेला.

"तीनदा सांगितलं. आधी ११ ऑगस्टला, दिल्ली आणि आसपासच्या भागापुरतं. सगळी उचला, आठ आठवड्यांत निवाऱ्यात टाका. त्यावर देशभर ओरडा झाला. मग २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला. नसबंदी करा, लस द्या, आणि जिथून नेलं तिथेच आणून सोडा. पिसाळलेलं किंवा अंगावर धावून येणारं असेल तेवढंच सोडू नका. खायला घालणाऱ्यांसाठी जागा ठरवून द्या. आणि आता ७ नोव्हेंबरला म्हणाले, शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली उचला आणि तिथे परत सोडू नका."

"म्हणजे काळी स्टेशनवर सापडली तर गेली, आणि आपल्या भिंतीशी सापडली तर राहिली?" वहिनींनी निकाल असा दोन ओळींत बसवला.

"तसंच काहीतरी," अण्णा म्हणाले. "पण ती नेलेली बरी. आपली कोण लागते ती?"

"पिल्लं अंगावर पितायत, आत्ता कोण नेणार तिला? आणि नेली तर जागा थोडीच रिकामी राहते?" मी म्हटलं. "कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याची आतडी-पिसं आहेत, हॉटेलवाल्याची खरकटी बादली आहे. काळी गेली की पत्रीपुलाकडून दुसरी येईल. तिला ना आपण ओळखू, ना ती आपल्याला. रात्री दहाला क्लासमधून येणाऱ्या पोरांवर काळी भुंकत नाही, ती नवी भुंकेल."

अण्णांनी पेपरचं पान उलटलं. त्यांच्यापाशी आता इतिहास होता. "मुंबईत एकदा यावरून दंगल झाली होती, माहीत आहे? १८३२ साली. इंग्रजांच्या पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायला काढली, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. बक्षीस म्हटल्यावर लोक घरात शिरून पाळलेलीसुद्धा ओढायला लागले. पारशी बिथरले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान. दुकानं बंद, लष्कराचं शिधापाणी बंद!"

"आणि इतकं करून कुत्री कमी झाली?"

"कुठली! त्यानंतरही वर्षानुवर्षं मारतच होते. मुंबईत महापालिकेने मारायचं थांबवलं ते १९९४ च्या सुमाराला. तोवर लाखांनी मारली असतील. शेवटी नसबंदीवर आले. २००१ मध्ये त्याचे नियम आले, २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. कानाला खाच दिसली की समजायचं ऑपरेशन झालंय."

"काळीच्या कानाला खाच नाही," वहिनी म्हणाल्या.

"ते सहा पिल्लं बघून कळतंच की," मी म्हटलं.

तेवढ्यात मावशी आल्या. मार्गशीर्ष लागला की दर बुधवारी येतात. आटगावच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. पहाटेच्या कसारा लोकलने येतात, डोक्यावर गुरुवारच्या पूजेचे डहाळे, पाच झाडांची पानं एका दोरीत बांधलेली. यंदा तर गुरुवारी दत्तजयंतीपण आलेली, त्यामुळे भारा मोठा होता. आषाढात याच मावशी करटुली आणतात, त्याआधी पहिल्या पावसाच्या तोंडाला शेवळं. मावशी कातकरी. सगळ्यांना अरे-तुरे करतात, अण्णांनाही. अण्णांना त्यांच्या साहेबानेसुद्धा कधी अरे म्हटलं नसेल, पण मावशींचं त्यांना चालतं.

"पानी दे बाय," म्हणत त्या भिंतीच्या सावलीला टेकल्या, आणि थेट पत्र्याआड वाकल्या. "कुणाची गं ही?"

"कुणाची नाही," मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

मावशींनी पत्र्याखालून एक-एक वस्तू बाहेर काढली. पहिलं, स्टीलच्या डब्याचं झाकण, दुधाचा ओघळ वाळलेला. ते माझं. दुसरी, जर्मनची चेपकी ताटली, तिच्यात वरणभाताची शितं. वहिनी आभाळाकडे बघायला लागल्या. तिसरा पार्ले-जीचा रिकामा पुडा, नीट घडी घालून ठेवलेला. अख्ख्या गल्लीत बिस्किटाच्या पुड्याची घडी घालणारा माणूस एकच. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. अण्णांनी पेपर आणखी वर धरला.

"तिगं जनं खायाला घालताय, आन् कुणाची नाय?" मावशी हसून-हसून खोकल्या. "आमच्याकडं कुत्र्याला कुणाचं नाय असं म्हनतच नाय. याच्या नायतर त्याच्या दाराशी बसतंच ना ते? ज्याच्या दाराशी बसलं त्याचं."

मग चहा झाला, आणि गप्पा मावशींच्या पाड्यावर गेल्या. त्यांचा खंड्या म्हणून कुत्रा आहे. पट्टा नाही, साखळी नाही, पेज आणि भाकरीच्या तुकड्यावर राहतो. आपल्या शहराच्या हिशेबाने तो भटकाच. पण कोंबड्या तो राखतो, रात्री जंगलाच्या बाजूने काही आलं की पहिला आवाज त्याचा.

"आन् बिबट्या आला तं पहिला जातो पन तोच," मावशी म्हणाल्या. "गेल्या सालात तीन कुत्री नेली. कुत्रं गेलं तं वाईट वाटतं. पन पोर ऱ्हायलं ना घरात."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "खरं आहे. विद्या अत्रेय म्हणून संशोधक आहेत, त्यांनी अकोल्याकडे बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. आपल्या नगरच्या अकोल्याकडे, विदर्भातल्या नव्हे. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्यांचासुद्धा इतका नाही."

"मग पाड्यावरची कुत्री सगळी उचलली तर बिबट्या काय खाईल?" वहिनींनी विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"मावशी, तुमच्याकडे चावतात का हो कुत्री?" मी विषय बदलला.

"चावत्यात की. माझ्या भाच्याला चावलं ना दोन सालामागं."

आणि मावशींनी जे सांगितलं ते ऐकताना वहिनींच्या हातावरची कणीक वाळून गेली.

भाचा सात वर्षांचा. दिवाळी उरकली होती, वीटभट्टीची उचल आधीच घेऊन झाली होती, भट्टीवर न्यायला येणारा टेम्पो चार दिवसांवर आला होता. शेजारच्या झोपडीतलं कुत्रं भाकरी खाताना पोराने त्याला चाळवलं, आणि पोटरीला दात लागले, रक्त आलं. कुणी म्हणालं मिरची लाव, कुणी म्हणालं चुना. पण आशाताईने पावसाळ्यात बसून सांगितलेलं पोराच्या आईच्या डोक्यात होतं. तिने त्याला हापशाखाली धरलं, आणि कपड्याच्या साबणाने धूत बसली. मग जीप करून दवाखान्यात. तिथे पहिली सुई, आणि रक्त आलं म्हणून जखमेत भरायचं सीरम घ्यायला पुढे मोठ्या दवाखान्यात.

"हे तिने फार शहाणपणाचं केलं," मी म्हटलं. "साबण आणि वाहतं पाणी, चांगली १५ मिनिटं. विषाणू जखमेतच धुऊन निघतो बराचसा. मिरची-चुन्याने तो उलट आत जातो."

"आमच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे," वहिनी म्हणाल्या. "माझ्या आत्तेभावाला दिली होती. बेंबीभोवती गाठी आल्या होत्या. त्या धास्तीने लोक दवाखान्यात जायचेच नाहीत."

"ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "आता दंडात देतात. सरकारी दवाखान्यात फुकट. कातडीत द्यायची असेल तर चार वेळा. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा."

"तेच ना!" मावशींनी मांडीवर थाप मारली. "तिसऱ्या दिसाची घेतली. सातव्याला आमी कुठं? भिवंडीकडं भट्टीवर. अठ्ठाविसाव्याला तर इटा पाडून हाताची सालं गेली व्हती. कागूद झोपडीच्या कुडात खोचलेला ऱ्हायला."

मग मुकादमाशी भांडून आई पोराला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली, कागद नाही म्हणून आधी परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तेव्हा सुई मिळाली. अठ्ठाविसावीसुद्धा झाली. पोरगा आता तिसरीत आहे, आश्रमशाळेत.

"आणि ते कुत्रं?" मी विचारलं. "मारलं असेल लोकांनी."

"का मारतील? सासू ऱ्हायली व्हती ना मागं. म्हातारी भट्टीवर येत नाय. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलेलं, कुत्र्यावर दहा दिस नजर ठेवा. म्हातारीला मोजाया येत नाय. तिनं काय केलं, काथ्याची दोरी घेतली, रोज सांजला कुत्रं भाकरीला आलं का एक गाठ मारायची. दहा गाठी झाल्या, मंग भट्टीवर जानाऱ्या पोराच्या हाती दोरीच धाडली. आमी गाठी मोजल्या. दहा भरल्या. कुत्रं जितं."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी बोललं नाही. कुत्र्याला रेबीज असता तर चावल्यावर दहा दिवस ते टिकलं नसतं. म्हणून डॉक्टर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. सुया मात्र तोवर थांबवायच्या नसतात, त्या लगेच सुरू. कारण या रोगाची लक्षणं एकदा दिसली की मग औषध उरत नाही. पण कुत्रं डोळ्यांसमोर असेल तरच नजर ठेवणार ना! ते मारून टाकलं किंवा गाडीत घालून नेलं, तर गाठी कशाच्या मारणार? म्हातारीला ते कुत्रं कुणाचं, कुठे झोपतं, कधी भाकरीला येतं हे ठाऊक होतं, म्हणून ती दोरी पुरी झाली.

"माझ्या नणंदेची मुलगी जनावरांची डॉक्टर आहे, ऑस्ट्रेलियात डार्विनला," वहिनी सावरून म्हणाल्या. "ती सांगते, तिकडे आत खोलवर मूळच्या लोकांच्या वस्त्या आहेत. तिथे कुत्र्याला नात्यात धरतात म्हणे, कुणाचा भाऊ, कुणाचा मामा. आधी सरकारी माणसं जायची आणि गोळ्या घालून यायची. लोक कुत्री लपवायचे. आता डॉक्टर आधी घरी जाऊन बसतात, याचं नाव काय, हे कुणाचं, विचारतात. मग खरजेचं औषध, मग ऑपरेशन, तेही मालक हो म्हणाला तरच."

"मंग? इचारल्याबिगर कसं नेतील?" मावशींना त्यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही.

"गोव्यातही तसंच केलं," अण्णा म्हणाले. "मिशन रेबीज म्हणून संस्था आहे, राज्य सरकारबरोबर काम करते. जाळी घेऊन वाड्या-वाड्यांतून फिरले. पाळलेलं मालकाने धरायचं, सुटं जाळीत, तिथल्या तिथे सुई, डोक्यावर रंगाचा ठिपका आणि लगेच मोकळं. वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्री. शाळाशाळांत जाऊन पोरांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. दहांतल्या सात कुत्र्यांना सुई पोचली की रोगाला पुढे उडी मारायला जागा राहत नाही, असं गणित आहे ते."

"मग आपल्याकडे का नाही करत?" वहिनींनी विचारलं.

"करतात की. आमच्याकडं पन आलेली एक गाडी," मावशी म्हणाल्या. "मार्च महिन्यात. तवा पाड्यावर कोन? चार म्हातारी आन् दोन आजारी. बाकी सगळी भट्टीवर. कुत्री निम्मी आमच्यासंगं टेम्पोत. ऱ्हायलेली अनोळखी मानूस बघून डोंगरात पळाली. गाडी तशीच माघारी."

मार्च! अण्णा, वहिनी आणि मी तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. मार्च महिना कशाचा असतो हे सरकारी खात्यात नोकरी न केलेल्यालाही कळतं.

वहिनी आत गेल्या आणि नव्या वर्षाचं कालनिर्णय घेऊन आल्या, अजून सुरळीतच होतं. भिंतीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार डहाळे ठेवले. मग सुरू झालं. मला वाटतं कुत्र्यांसाठी मुहूर्त काढायला पंचांग उघडायची ही शहाडातली पहिलीच वेळ असावी.

"मावशी, पाड्यावर सगळे कधी असतात?"

"आवनीला असत्यात. पन तवा गुडघाभर चिखोल."

"पावसात ऑपरेशन नकोच, टाके चिघळतील. भाद्रपद?"

"भाद्रपदात ते स्वतःच्या कामात असतात," वहिनी म्हणाल्या. अण्णा खाकरले.

"आश्विनात?"

"वाघबारशीला!" मावशी एकदम म्हणाल्या. "त्या दिशी पाड्यावरचा एकूनएक मानूस घरी. वाघोबाला नारळ फोडायचा असतो. त्याच्याम्होरं दिवाळी, आन् दिवाळीच्या मागून टेम्पो."

आपण शहरातले लोक ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतो, तीच आश्विन वद्य द्वादशी त्यांची वाघबारस. पाऊस सरलेला, रस्ता वाळलेला, माणसं घरात, कुत्री माणसांच्या पायाशी. धरायला मालक हजर. सुईला याहून चांगला दिवस नाही.

"पण ऑपरेशन नाही जमायचं," मी म्हटलं. "भाद्रपदात राहिलेल्या त्या वेळी भरल्या पोटाच्या असणार. कार्तिकात विणार."

"आणि कार्तिकात माणसं जाणार," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे पिल्लं जन्माला येतात ती नेमकी पाडा रिकामा होताना."

हे इतकं सरळ होतं, पण तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाड्यावरच्या पिल्लांची आबाळ कुणाच्या दुष्टपणाने होत नाही, दोन पंचांगं एकमेकांवर आपटतात म्हणून होते. एक कुत्र्यांचं, एक भट्टीचं. त्यात तिसरं सरकारचं, मार्च अखेरचं.

"माघ," वहिनींनी बोट ठेवलं. "माघात पिल्लं तीन महिन्यांची होतात, त्यांना पहिली सुई देता येते. आई दूध तोडून मोकळी, तिचं ऑपरेशन होतं. थंडी असते, जखम सुकते. आणि माणसं भट्टीवर बांधलेली असतात, म्हणजे सापडतात. भट्ट्या काय लांब आहेत? भिवंडीला, टिटवाळ्याकडे, कांब्याकडे. डॉक्टरला डोंगर चढायलाच नको."

"आन् म्हातारीपाशी ऱ्हायलेली?"

"त्यांना वाघबारशीची सुई झालेली असेल. ऑपरेशनला त्यांच्यासाठी एक गाडी पाड्यावर. पण म्हातारीला आधी सांगून. ती धरून देईल."

"वाघबारशीला सुई, माघात टाके," अण्णांनी ठरावाच्या सुरात वाचलं, आणि तिथल्या तिथे पेपरच्या कोऱ्या कडेवर अर्ज लिहायला घेतला. मसुद्याला त्यांचा हात बसलेला आहे. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग, सोबत ग्रामसभेचा ठराव. नियमांप्रमाणे ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, मग ती महापालिका असो की ग्रामपंचायत. "तारखेच्या जागी 'वाघबारस' लिहिलं तर साहेब विचारेल, इंग्रजी तारीख काय. दर वर्षी एकच तारीख द्या म्हणेल."

"एक कशी देणार?" वहिनींनी पान उलटलं. "यंदा वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी थेट नोव्हेंबरात."

"कुत्र्यांना अधिक महिना कळतो का हो?" मी विचारलं.

"पाऊस कळतो त्यांना. लग्नाची तारीख ते पावसावर काढतात. पण टेम्पो दिवाळी बघून येतो, त्याचं काय?" वहिनी म्हणाल्या. "लिहा हो तुम्ही वाघबारसच. तारीख त्यांनी शोधावी. त्यांच्याही घरी कालनिर्णय असेलच."

मावशींनी अर्जाचा कागद चार घड्या करून कमरेच्या पिशवीत टाकला. "माझा पोरगा धाव्वीला हाय. तो वाचील ग्रामसभेत." मग खाली वाकून भुऱ्या पिल्लाला मानेला धरून उचललं, पोट चाचपलं आणि काळीच्या मागच्या सडाला लावलं. "याला मागं लावत जा. म्होरं दूध कमी असतं. हा असाच ऱ्हायला तं जगायचा नाय." डहाळ्यांचे पैसे घेतले, भारा डोक्यावर, आणि कल्याणच्या बाजाराकडे निघाल्या.

त्या गेल्यावर वहिनींनी कालनिर्णयच्या माघाच्या चौकटीत पेनाने लिहिलं: काळी – टाके. पिल्लं ६ – सुई. मग पेन थांबलं.

"दवाखान्यात मालकाचं नाव विचारतील."

"विचारतीलच," मी म्हटलं.

"तुमचं लिहू?"

"दूध माझं आहे, पण भात तुमचा आहे."

"बिस्किटं अण्णांची," वहिनी म्हणाल्या. अण्णा एव्हाना घरात गेले होते. "बरं, अर्धं तुमचं, अर्धं आमचं. भिंतीशी व्याली आहे ना? भिंत जशी दोघींची, तशी हीपण."

"भिंत दोघींची?" मी पटकन धरलं. "मग यंदा रंगाचं काय ते बोलून घेऊ या."

वहिनींना एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली. माझ्या कानावर तरी काही आली नाही. कालनिर्णय गुंडाळत त्या आत गेल्या, आणि मी झाकण धुऊन त्यात काळीचं दूध ओतलं. या वेळी उघडपणे.